उन्हाळ्यातही टेकता येईल असा बाक: नाशिकसाठी निवड, चाचणी आणि बांधणी

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास नाशिकच्या सोसायट्यांमधून चक्कर मारली, तर बऱ्याच बागांत सारखंच चित्र दिसतं. काळ्या ग्रॅनाइटचे नवेकोरे बाक रिकामे, आणि आजी-आजोबा बागेच्या कठड्यावर नाहीतर घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. ऊन उतरलेलं असतं, वारा सुटलेला असतो, पण बाकाचा दगड अजून तापलेलाच असतो. ज्यांच्यासाठी बाक घेतला त्यांनाच त्यावर बसता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हे टाळणं अवघड नाही, आणि फार खर्चिकही नाही.

बाक घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "कुठलं मटेरियल तापत नाही?" उघड्या उन्हात ठेवलेली प्रत्येक वस्तू तापते. पांडवलेण्यांतल्या विहारांत भिंतीलगत कोरलेल्या दगडी बैठका आहेत. भर मे महिन्यात त्यांवर टेकून बघा, गार लागतात. त्याच दिवशी दुपारी एक वाजता गोदाघाटाच्या काळ्या पायऱ्यांवर अनवाणी उभं राहवत नाही. दोन्हीकडे दगड आपल्या दख्खनचाच, काळा बेसाल्ट. फरक सावलीचा. म्हणून मी नेहमी सांगतो: आधी बसण्याची वेळ ठरवा, मग सावली बघा, मग पदार्थ आणि रंग. दुकानात जायचं ते सगळ्यात शेवटी.

पायरी १: कोण, कधी बसणार हे ठरवा

सकाळी साडेसहाला जॉगिंग ट्रॅकवर टेकायला बाक हवा असेल, तर उष्णतेचा विचार जवळजवळ सोडून द्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यातही रात्री हवा चांगली उतरते आणि पहाटेपर्यंत दगडसुद्धा निवतो. तिथे मजबुती आणि किंमत बघा.

दुपारी वापरायचा बाक, म्हणजे दवाखान्याच्या आवारातला, रिक्षा स्टँडजवळचा, शाळा सुटताना पालक थांबतात तिथला, हा छपराशिवाय बसवूच नये. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतो. अशा उन्हात डोक्यावर काही नसेल तर बाक कितीही चांगला असला तरी माणूस तिथे थांबत नाही.

राहिला संध्याकाळचा बाक. आपल्याकडे सर्वाधिक मागणी त्यालाच असते आणि सर्वाधिक चुकीची निवडही त्याचीच होते. इथे प्रश्न दुपारी तो किती तापतो एवढाच नाही, ऊन गेल्यावर तो किती लवकर निवतो हाही आहे. साधा हिशेब करू. दीड मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तीन इंच जाड बेसाल्टची लादी साधारण १४० किलोची होते. तेवढ्याच आकाराची, एक इंच जाडीच्या सागाच्या पट्ट्यांची बैठक भरते ११-१२ किलो. किलोमागे लाकूड दगडापेक्षा जास्त उष्णता धरतं हे खरं, पण वजनातला फरकच इतका मोठा आहे की दगडी बैठकीत एकूण पाच-सहा पट उष्णता साठते. ती बाहेर पडायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्हाला बसायचं असतं.

थोडक्यात, दुपारभर ऊन लागणाऱ्या जागी संध्याकाळसाठी हलकी, पट्ट्यांची बैठक. दिवसभर सावली असलेल्या जागी मात्र जाड दगडासारखा दुसरा बाक नाही. तो रात्रीचा गारवा साठवून ठेवतो आणि दुपारीही गार लागतो. गावोगावी वडा-पिंपळाखाली दगडी पार बांधले गेले, ते दिवसभर सावलीत राहतात म्हणून बसण्याजोगे राहिले. पारातला दगड तेवढा उचलायचा आणि झाड विसरायचं, असं करून चालत नाही.

पायरी २: सावली मोजा, अंदाजाने सांगू नका

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी गोळा होते. जुलैच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा बहुधा आभाळ असतं. याचा अर्थ, मे महिन्याच्या भर दुपारी कंपाउंडची भिंत कितीही उंच असली तरी बाकाला तिचा उपयोग नाही. त्या वेळी कामाला येतं ते फक्त डोक्यावरचं काहीतरी: झाड, मांडव, पत्रा.

दुपार कलली की गणित बदलतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अडीच वाजता २ मीटर उंच भिंतीची सावली जेमतेम १ मीटर पडते. साडेचारला ती ३ मीटर होते आणि साडेपाचला ५ मीटरच्या पुढे जाते. ती पूर्वेकडे पडते, किंचित दक्षिणेला झुकून, कारण त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. संध्याकाळच्या बाकाची जागा म्हणूनच भिंतीच्या, इमारतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेला, तिला जितकी जवळ बसवता येईल तितकी. एकच मोकळा दिवस काढा. दुपारी बारा, दोन, चार आणि साडेपाच वाजता सावलीची कड खडूने आखा. हे काम एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्येच करा. डिसेंबरमध्ये आखलेली सावली दिशाभूल करते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो.

मग नियम सोपा आहे. पट्ट्यांच्या बैठकीला माणसं येण्याआधी अर्धा-पाऊण तास सावली मिळाली तरी पुरे. जाड दगडाला किंवा भरीव सिमेंटला ती निदान दुपारी दोनपासून मिळायला हवी, शक्यतो दिवसभर.

झाड लावणार असाल तर मार्च ते मे या काळात ते पानांनी भरलेलं असतं का, हे बघून लावा. साग स्वतः उन्हाळ्यात उघडा पडतो. कडुनिंबाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, पण लगेच नवी पालवी येते आणि ऐन उन्हात सावली दाट असते. करंज आणि आंबाही चांगले. गुलमोहर दिसतो सुंदर, पण फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या वाऱ्यात त्या बाकावर, किंवा बाकावरच्या माणसावर, पडण्याची भीती असते.

वेलीचा मांडव करायचा म्हटलं की नाशिककराला पहिली आठवण द्राक्षाची येते. हौस म्हणून जरूर लावा, पण सावलीसाठी तिच्यावर विसंबू नका. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्येच होते. सावली सर्वाधिक हवी तेव्हा मांडवावर काड्याच उरतात, आणि नवी फूट यायला वेळ लागतो. मधुमालती किंवा बोगनवेल या कामाला जास्त उपयोगी. बोगनवेलीचे काटे छाटून ती बाकापासून उंच ठेवावी लागते, एवढंच. झाड वाढेपर्यंत शेडनेट ताणा. शेतीसाहित्याच्या दुकानांत ती ५० आणि ७५ टक्के सावलीची मिळते. बाकासाठी ७५ टक्क्यांची घ्या आणि डोक्यापासून चांगली उंच बांधा, नाहीतर तापलेल्या जाळीचीच धग लागते.

पायरी ३: तापमान आणि चटका यांतला फरक ओळखा

सागाची फळी आणि लोखंडी पट्टी दोन्ही ५५ अंशांवर असतील, तर थर्मामीटर दोन्हीकडे ५५ दाखवेल. हाताला मात्र लोखंड भाजेल आणि साग नुसता गरम लागेल. कारण लोखंड आतली उष्णता झपाट्याने कातडीकडे ढकलतं. हा वेग उष्णतावाहकतेने मोजतात. साग सुमारे ०.१७, ग्रॅनाइट २.५ ते ३, स्टेनलेस स्टील १६, साधं लोखंड ५०, आणि ॲल्युमिनियम २०० च्या आसपास. एकक सगळ्यांना तेच, वॉट प्रति मीटर प्रति अंश. लाकडाचा हा मोठा फायदा. तुम्ही टेकलात की त्याच्या वरच्या पातळ थरातली उष्णता संपते आणि आतली लवकर वर येत नाही.

पण नुसत्या स्पर्शावर जाऊ नका, कारण बाकावर माणूस पाच-दहा मिनिटं बसतोच. गरम पृष्ठभागांविषयीच्या आयएसओ १३७३२-१ या मानकात उघड्या कातडीला भाजण्याची मर्यादा दिली आहे: १ मिनिट स्पर्शाला ५१ अंश, १० मिनिटांना ४८ अंश. इतका वेळ स्पर्श राहिला की पदार्थ कुठला याने मर्यादा बदलत नाही. बैठकीवर आपण कपड्यानिशी बसतो, पण हाफ चड्डीतल्या मुलांच्या मांड्या आणि सगळ्यांचेच कोपर उघडे असतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक असते, त्यामुळे त्यांच्यासाठी मी ४५ अंशांच्या वरचा बाक नापासच धरतो.

पायरी ४: पदार्थ निवडा

*सागवान.* उघड्यावरच्या बैठकीसाठी माझी पहिली पसंती. बल्लारशाचा किंवा वलसाडी साग चांगला, पण महाग. नाशिकमध्ये एक पर्याय आवर्जून शोधण्यासारखा आहे: पाडलेल्या जुन्या वाड्यांचं लाकूड. तुळया आणि कड्या कापून काढलेल्या पट्ट्या पुरत्या मुरलेल्या असतात, पिळत नाहीत. रंध्यावर घालण्याआधी चुंबक फिरवून आतले खिळे मात्र शोधून काढा, नाहीतर सुताराच्या मशीनचं पातं जातं आणि तो दुसऱ्यांदा जुनं लाकूड हातात घेत नाही. ऊर्जेच्या दृष्टीनेही सागाकडे एक गुण आहे. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, आणि लाकूड त्यातला बराच भाग परतवतं. म्हणून सागाचा तपकिरी आणि ऑइलपेंटचा तपकिरी दिसायला सारखे असले तरी उन्हात सारखे वागत नाहीत. सागावर गडद पॉलिश चढवलं की हा फायदा कमी होतो. त्याला उघडा सोडला तर वर्षभरात चंदेरी-करडा होतो आणि तसाच टिकतो. मला तो तसाच आवडतो.

तेल द्यायचंच असेल तर जवसाचं उकळलेलं तेल पातळ हाताने द्या. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळू द्या.

*बाभूळ.* कठीण, टिकाऊ आणि सागापेक्षा स्वस्त. वाळताना तडकते, म्हणून वर्षभर वाळवलेलीच घ्या.

*पॅलेटचं पाइनवुड.* सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून निघालेल्या पॅलेटचे बाक करण्याची हल्ली पद्धत पडली आहे. उष्णतेच्या बाबतीत उत्तम, पण प्रक्रिया न केलेलं पाइन पावसात फार टिकत नाही. छपराखाली ठीक. पॅलेटवरचा शिक्का वाचा: एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्यावं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नये.

*दगड.* नाशिकच्या बाजारात सहज मिळणारे चार: कडप्पा, कोटा, शहाबादी आणि ग्रॅनाइट. उन्हातल्या जागेसाठी कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट यांवर सरळ फुली मारा. काळा पृष्ठभाग आपल्या उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो. त्यातल्या त्यात फिका शहाबादी किंवा पिवळसर जैसलमेर बरा. पॉलिश नको, फ्लेम फिनिश (ज्योतीने खरखरीत केलेला) किंवा टाकीचा घडीव पृष्ठभाग घ्या. खरखरीत दगडाचा रंग फिका दिसतो, कातडीला कमी ठिकाणी टेकतो, आणि पावसात घसरायला होत नाही. संगमरवर उन्हात कमी तापतो, पण भेळेतलं लिंबू, चिंचेचं पाणी सांडलं की डाग कायमचा.

काळ्या ग्रॅनाइटचा आग्रह बऱ्याचदा नावासाठी असतो. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं काळ्यावर उठून दिसतात. ती भावना मोलाची आहे आणि तिच्यासाठी सोपा मार्ग आहे: नावाची काळी पाटी पाठीच्या मागच्या बाजूला बसवा, बैठक फिक्या रंगाची किंवा लाकडी करा. आपल्या माणसाच्या नावाच्या बाकावर लोक रोज बसतात, हे घरच्यांनाही जास्त आवडेल.

*सिमेंटचे तयार बाक.* स्वस्त, चोरीला न जाणारे, म्हणून सार्वजनिक जागी हेच दिसतात. नव्या सिमेंटचा करडा फिका असतो, पण धूळ आणि शेवाळाने तो दोन पावसाळ्यांत काळवंडतो आणि जास्त तापू लागतो. घेतलेच तर बैठकीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या. गच्चीवर ते ज्या कारणाने करतात, त्याच कारणाने इथेही चालतं. तुकड्यांच्या कडा ग्राउटमध्ये पूर्ण बुडलेल्या आहेत का, हे उलट्या हाताने फिरवून बघा.

*लोखंड आणि स्टील.* पायांसाठी उत्तम, बैठकीसाठी नाही. जुन्या पद्धतीचे बिडाचे पाय आणि वर सागाच्या पट्ट्या, हा मेळ पिढ्यानपिढ्या टिकलेला आहे. बैठक धातूचीच हवी असेल तर भोकं पाडलेला पातळ पत्रा, क्रीम रंगाचं पावडर कोटिंग, आणि जागा सावलीची. इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. चकचकीत स्टेनलेस स्टील ऊन परतवतं म्हणून गार राहील, असं वाटतं. ते काही ऊन परतवतं खरं, पण जे शोषतं ते बाहेर फेकण्यात चकचकीत धातू फार कमजोर असतो, म्हणून तो तापतच जातो. चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचंही थोडंफार तसंच. त्यापेक्षा साधा पांढरा किंवा क्रीम एनॅमल जास्त गार राहतो.

*डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) आणि प्लास्टिकच्या फळ्या.* "साहेब, लाकडासारखंच दिसतं, पॉलिशची कटकट नाही," असं दुकानदार सांगतो आणि ते खरं आहे. पण ते लाकडासारखं तापत नाही, जास्त तापतं, विशेषतः गडद तपकिरी आणि कोळशी रंगांत. फिका रंग आणि उन्हात टिकणारं, यूव्ही स्टॅबिलाइज्ड, असं लेखी असेल तरच घ्या. प्लास्टिक उष्णतेने वाढतं: एचडीपीई या प्लास्टिकची दीड मीटरची फळी ३० अंशांच्या फरकाने ५-६ मिलिमीटर लांबते. भोकं लांबट ठेवली नाहीत तर ती फुगते. उन्हात मऊ पडून वाकते, म्हणून खालून दर ४० सेंटिमीटरला आधार द्या.

*बांबू.* पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यातून येणारा मानवेल भरीव आणि चिवट असतो. स्पर्शाला गार, वजनाला हलका. छपराखाली आणि प्रक्रिया केलेला असेल तरच घ्या, नाहीतर भुंगा लागतो.

पायरी ५: रंग ठरवा

मे महिन्यात अनेक देवळांच्या आवारात फरशीवर पांढरा पट्टा रंगवलेला असतो आणि अनवाणी भाविक त्या पट्ट्यावरूनच चालतात. शेजारची तीच फरशी सोसवत नाही. रंगाचं महत्त्व याहून वेगळं पटवायची गरज नाही. बाकासाठी मात्र पांढराशुभ्र नको. डोळ्यांवर तिरीप येते आणि आठवड्यात मळतो. क्रीम, बिस्किटी, फिका करडा हे मधले रंग चांगले. चुना लावू नका, कपड्यांना लागतो. गच्चीसाठीचा उष्णतारोधक पांढरा रंग पाठीच्या मागच्या बाजूला चालेल, बैठकीवर घासून निघतो.

पायरी ६: घेण्याआधी चाचणी करा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि पैसे वाचतात ते इथेच. प्रत्येक पदार्थाचा फूटभर लांबीचा नमुना मागा. प्रत्यक्ष बाकात असेल तीच जाडी, तोच रंग, तेच फिनिश. फरशीवाले आणि फॅब्रिकेटर तुकडे सहसा फुकट देतात. गच्चीवर दोन-दोन विटांवर नमुने आडवे ठेवा, म्हणजे बाकाला असते तशी खालून हवा लागेल. सकाळी अकराला ठेवा, अडीचला तपासा.

मोजायला औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. ताप बघायची कपाळावरची गन चालत नाही, ती शरीराच्या तापमानापुरतीच असते. उघड्या चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर फसतो आणि खराहून कमी आकडा दाखवतो, म्हणून धातूच्या नमुन्यावर आधीच मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. आकडा लिहिला की तळहाताची मागची बाजू नमुन्यावर पाच सेकंद ठेवा. हात मागे घ्यावासा वाटला तर तो पदार्थ उन्हातल्या जागेसाठी बाद.

मग खरी परीक्षा. सगळे नमुने उचलून सावलीत ठेवा आणि पाव तास, अर्धा तास, एक तास यांनंतर पुन्हा मोजा. आमच्या गच्चीवर हे केलं तेव्हा कोटा आणि साग यांचे अडीचचे आकडे फार लांब नव्हते. अर्ध्या तासाने साग हवेच्या जवळ आला होता आणि जाड कडप्पा तेव्हाही हात ठेवू देत नव्हता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर वाद घालण्यापेक्षा कमिटीच्या चार जणांना अडीच वाजता गच्चीवर बोलवा. निर्णय तिथेच होतो.

पायरी ७: बांधणीचे बारकावे

पट्टी ६० ते ७५ मिलिमीटर रुंद, २५ ते ३० जाड. दोन पट्ट्यांत ८ ते १० मिलिमीटर फट ठेवा: हवा खेळते आणि पाणी साचत नाही. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटर. ज्येष्ठ नागरिकांसाठी दोन-तीन सेंटिमीटर जास्त द्या आणि दोन्ही बाजूंना हात ठेवाच, त्यांना उठताना आधार लागतो. हे हात लोखंडी असतील तर वर सागाची पट्टी बसवा. बैठक गार आणि हात भाजणारा, असे कितीतरी बाक मी पाहिले आहेत.

स्क्रूकडे नीट बघा. स्टेनलेस स्क्रूचं डोकं पट्टीच्या पातळीत असेल तर उन्हात तेवढाच ठिपका मांडीला चटका देतो. सुताराला सांगून भोक वरून रुंद करून घ्या, डोकं ५-६ मिलिमीटर आत जाऊ द्या आणि वर त्याच लाकडाची गोल गुटी फेव्हिकॉल मरीनसारख्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने ठोका. गुटीच्या रेषा पट्टीच्या रेषांना समांतर ठेवल्या की ती दिसतही नाही. हे जमत नसेल तर स्क्रू खालून, फ्रेममधून मारा.

बाकाखालची जमीन विसरू नका. खाली गडद पेव्हर ब्लॉक असतील तर पिंढऱ्यांना धग लागते. लॉन किंवा मुरूम बरा. लॉनमध्ये लाकडी पाय थेट मातीत गाडू नका, वाळवी लागते. लोखंडी किंवा दगडी पाय, काँक्रीटच्या पायावर.

पायरी ८: आहे तोच बाक सुधारा

ग्रॅनाइटचा बाक आधीच बसवलेला असेल तर तोडू नका. त्याच्यावर सागाच्या पट्ट्यांची चौकट बसवा. दगड आणि पट्टी यांत २० मिलिमीटर पोकळी ठेवली की दोन गोष्टी होतात: दगडावर ऊन कमी पडतं आणि त्याची उष्णता सरळ माणसाला लागत नाही. चौकट दगडाला भोकं न पाडता खालून क्लॅम्पने धरता येते. बैठक वीस मिलिमीटर अधिक पट्टीची जाडी एवढी उंच होईल, ते आधी मोजून घ्या.

तेही लगेच जमणार नसेल, तर पाण्याचा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. १ लिटर पाणी पूर्ण उडायला जेवढी उष्णता लागते, तेवढी १४० किलोच्या दगडातून काढली तर तो जवळपास २० अंशांनी उतरेल. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाणी गुळगुळीत दगडावरून वाहून जातं आणि काही उष्णता हवेतूनही घेतली जाते. म्हणून तांब्याने ओतण्यापेक्षा जुनं गोणपाट भिजवून, पिळून, साडेचारला बाकावर पसरा आणि लोक यायच्या वेळी उचला. पाणीटंचाईच्या दिवसांतही दोन तांबे पाणी निघतं.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा सगळे बाक तपासा. उन्हाने सुकलेल्या पट्ट्यांचे स्क्रू सैल झालेले असतात, ते आवळा. लोखंडावर रंग उडालेल्या जागी रेड ऑक्साइड लावून वर क्रीम रंगाचा हात द्या. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, सिमेंट आणि मोझॅकवरचं शेवाळ ताठ ब्रशने घासून काढा. तो काळा थर राहिला तर पुढच्या एप्रिलमध्ये तोच बाक जास्त तापतो.